तुंडुमात सात, नाकोंडेत सहा

नकाशा थोडा दूरून पाहिला तर तुंडुमा आणि नाकोंडे ही नावं एकमेकांवर चढलेली दिसतात. जमिनीवरही तसंच आहे. घरं, दुकानं, ट्रकांच्या रांगा सलग चालू राहतात, आणि न्याम्वांगा लोकांचे नातेवाईक दोन्हीकडे. म्हणून अनेक जण हे एकच गाव समजतात. पण तुंडुमा टांझानियात आहे, नाकोंडे झांबियात. मधली सीमा ओलांडली की घड्याळ तासभर सरकतं.

टांझानिया ग्रीनिचच्या ३ तास पुढे, झांबिया २ तास. दोघंही उन्हाळ्या-हिवाळ्याला काटे हलवत नाहीत, त्यामुळे फरक बारा महिने तोच. तुंडुमात सकाळचे सात, नाकोंडेत सहा, तेव्हा आपल्याकडे साडेनऊ.

यात खरं कोण? सूर्याला विचारलं तर नाकोंडे. ही गावं साधारण पावणेतेहतीस अंश पूर्व रेखांशावर आहेत. १५ अंशांना एक तास धरला तर इथली सूर्याची वेळ ग्रीनिचच्या सुमारे २ तास ११ मिनिटं पुढे येते. म्हणजे नाकोंडेचं घड्याळ अकराएक मिनिटं मागे, आणि तुंडुमाचं पाऊण तासाहून जास्त पुढे. टांझानियाची वेळ ज्या ४५ अंश रेखांशावर बेतली आहे, तो त्या देशातून जातच नाही. पूर्वेला समुद्रात पडतो.

खरी गंमत पुढे आहे. स्वाहिलीत तास मोजतात ते दिवस उजाडल्यापासून. सकाळचे सात म्हणजे ‘सा मोजा’, एक वाजला. नऊ म्हणजे ‘सा तातू’, तीन. मनगटावरचं घड्याळ सात दाखवतं आणि तोंड एक म्हणतं, यात तिथे कुणाला विसंगती वाटत नाही. सूर्योदयापासून घटका मोजणाऱ्या पंचांगाच्या वाचकांना तरी हे विचित्र वाटू नये. तर एकाच क्षणाला या जोडगावात सहा, सात आणि एक असे तीन आकडे असतात. नाकोंडेत बेंबा, न्याम्वांगा आणि सरकारी कामाला इंग्रजी चालते. पण सीमेवरच्या बाजारात स्वाहिलीही कानावर पडतेच, त्यामुळे ‘तीनला भेटू’ म्हणणाऱ्याला कुठले तीन, हे विचारून घ्यावं.

स्वभावाने तुंडुमा मोठं आणि गजबजलेलं. वडीलधाऱ्यांना ‘शिकामो’ म्हणायचं (मुळात ‘पाय धरतो’ असा अर्थ सांगतात), त्यांनी ‘मराहाबा’ म्हणायचं. तीनचाकी रिक्षाला टांझानियात ‘बजाजी’ म्हणतात. पुण्याच्या कंपनीचं नाव तिकडे सामान्यनाम होऊन बसलं. नाकोंडेत अभिवादन ‘म्वापोलेनी’, पैसा क्वाचा. ताटातला मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा तुंडुमात उगाली, नाकोंडेत न्शिमा. चवीच्या वादात मी पडणार नाही.

दोघांची पोटं एकाच वाटेवर भरतात: झांबिया आणि काँगोचं तांबं दार-एस-सलाम बंदराकडे नेणारा रस्ता, आणि शेजारून जाणारी ताझारा रेल्वे. १९६५ साली ऱ्होडेशियाने (आजच्या झिम्बाब्वेने) एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केल्यावर झांबियाला दक्षिणेकडची वाट भरवशाची राहिली नाही. तेव्हा चीनच्या मदतीने १९७० ते १९७५ मध्ये सुमारे १,८६० किलोमीटरचा हा लोहमार्ग घातला गेला. दारहून आलेली गाडी इथे झांबियात शिरली, की प्रवाशांना एक तास फुकट मिळतो.

उलट जाताना तो परत द्यावा लागतो, आणि तिथेच नवखे फसतात. तुंडुमाहून पहाटेची बस ‘सा कुमी ना म्बिली’ला, म्हणजे बाराला सुटते असं कुणी सांगितलं, तर ते सकाळचे सहा. नाकोंडेत मुक्काम असेल तर तिथल्या घड्याळाने पाच. शिवाय मधे सीमा चौकी आहे, तेव्हा गजर चारच्या आधीचा लावा.