भंगारातील इलेक्ट्रॉनिकी

टाकून दिलेल्या उपकरणांचे सुटे भाग काढून, औपचारिक शिक्षणाविना, त्यांतून नवी चालू उपकरणे बनविण्याचा प्रघात. तो मुख्यत्वे कुमारवयीन व तरुण मुलांत आढळतो. दुरुस्तीशी त्याचे नाते निकटचे आहे; परंतु दुरुस्तीत मूळ वस्तू पुन्हा चालू करायची असते, येथे तिचे भाग वेगळ्याच कामाला लागतात.

उगमाबाबत मतभेद आहेत. काही जण दुसऱ्या महायुद्धातील खंदकी रेडिओपासून आरंभ धरतात. इटलीतील अँझिओच्या आघाडीवर १९४४ मध्ये सैनिकांनी दाढीचे पाते, सेफ्टी पिन, पेन्सिलीचे ग्रॅफाइट, तारेचे वेटोळे आणि हेडफोन एवढ्यावर संच उभे केले. पात्यावरील ऑक्साइडाचा थर व ग्रॅफाइटचे टोक यांच्या स्पर्शबिंदूतून प्रवाह एका दिशेने अधिक सुलभपणे वाहतो, त्यामुळे रेडिओ तरंगातील ध्वनिसंकेत वेगळा होतो. हेडफोनला लागणारी ऊर्जा तरंगातूनच मिळते, म्हणून विद्युत् घट लागत नाही. तथापि हे तत्त्व तेव्हा नवे नव्हते. स्फटिकाचे एकदिश वहन (प्रवाह एकाच दिशेने सुलभपणे जाऊ देणे) जर्मन भौतिकीविज्ञ फेर्डिनांट ब्राउन यांनी १८७४ मध्ये नोंदविले होते. गॅलेना या शिशाच्या धातुकावर आधारित शोधकासाठी (रेडिओ तरंग ओळखणाऱ्या भागासाठी) जगदीशचंद्र बोस यांनी १९०१ मध्ये अमेरिकेत अर्ज केला व १९०४ मध्ये त्यांना एकस्व (पेटंट) मिळाले. १९२० नंतरच्या दशकात तर घरगुती स्फटिक रेडिओ संच मुले स्वतः जुळवीत आणि त्यांची वेटोळी ओटच्या पुठ्ठ्याच्या रिकाम्या डब्यांवर गुंडाळीत. त्यामुळे प्रघाताचा आरंभ साधारणपणे या दशकात धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

अलीकडची सर्वपरिचित उदाहरणे आफ्रिकेतील आहेत. मलावीत २००१–०२ च्या दुष्काळात फी न भरता आल्याने शाळा सुटलेल्या विल्यम काम्क्वाम्बाने ग्रंथालयातील पुस्तकांतील आकृत्या पाहून पवनचक्की उभारली. ट्रॅक्टरचा पंखा, सायकलची चौकट व डायनॅमो, तापवून सपाट केलेल्या पीव्हीसी नळ्यांची पाती हे तिचे भाग. सायकलच्या डायनॅमोतून प्रत्यावर्ती (दिशा सतत बदलणारा) प्रवाह मिळतो, तर गाडीच्या बॅटरीला एकदिश लागतो; अशा ठिकाणी बिघडलेल्या रेडिओतील, प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे डायोड कामी येतात. घरातील तारांसाठी त्याने खिळ्यांवर तार गुंडाळून चुंबकासह परिपथ-खंडकही (सर्किट ब्रेकर) बनविला. प्रवाह वाजवीपेक्षा वाढला की वेटोळ्याचे चुंबकत्व वाढते, मधला चुंबक ओढला जातो व जोडणी तुटते. छपरावर गवत असलेल्या घराला आगीपासून वाचविणारा हा भाग पवनचक्कीइतकाच मोलाचा आहे.

सिएरा लिओनच्या फ्रीटाउनमधील केल्व्हिन डो याने कचऱ्यातील सामानातून बॅटरी, जनित्र व एफएम प्रेषक तयार केले. २०१२ मध्ये तो मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत गेला. टोगोच्या लोमे शहरात २०१३ मध्ये जुन्या प्रिंटर-स्कॅनरांच्या भागांतून त्रिमितीय मुद्रक (थ्रीडी प्रिंटर) साकारला गेला.

महाराष्ट्रात मुंबईचा लॅमिंग्टन रस्ता सुट्या भागांसाठी प्रसिद्ध आहे; पुणे जिल्ह्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमात १९८३ पासून हाताने काम करत शिकण्यावर भर आहे.

या कामात धोकेही आहेत. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीत पुष्कळदा एखाददुसराच सेल निकामी असतो, बाकीचे वापरता येतात. मात्र लघुपरिपथ (शॉर्ट सर्किट) झाल्यास ते पेट घेऊ शकतात. जुन्या दूरचित्रवाणी संचाची चित्रनलिका वीज काढल्यावरही उच्च दाबाचा विद्युत् भार धरून ठेवते, आणि तिच्या काचेत शिसे असते. तांब्यासाठी तारांची वेष्टने जाळणे विषारी असते.