मुळांजवळचे जिवाणू आणि कायद्यातली चार नावे

जिवाणू खतांवरचा सध्याचा वाद शास्त्राचा कमी आणि व्याख्येचा जास्त आहे. बियाण्याला चोळायची भुकटी, ठिबकमधून सोडायचे द्रावण, रोपांची मुळे बुडवायचे मिश्रण अशा अनेक रूपांत सूक्ष्मजीव आज जगभर विकले जातात. त्यांची नोंद खत म्हणून करायची, पीक संरक्षक म्हणून, की ‘जैव उत्तेजक’ या नव्या खात्यात, याचे उत्तर देशागणिक बदलते. १६ जुलै २०२२ पासून युरोपात लागू झालेल्या खत नियमावलीने या प्रश्नाला ठाम उत्तर दिले आणि त्यासाठी बरीच नाराजीही ओढवून घेतली. ते उत्तर तसे का आले, हे कळायला मागची सव्वाशे वर्षे चाळावी लागतात.

कडधान्यानंतर घेतलेले पीक चांगले येते, ही शेतकऱ्याची फार जुनी माहिती. त्यामागे मुळांवरच्या गाठींतले जिवाणू आहेत हे १८८६ ते १८८८ या काळात जर्मनी आणि नेदरलँड्समधल्या प्रयोगांनी सिद्ध केले. व्यापार लगोलग मागे आला. १८९६ मध्ये पेटंट मिळालेले पहिले उत्पादन काचेच्या बाटल्यांतून विकले जाई आणि निरनिराळ्या द्विदल पिकांसाठी त्याचे १७ प्रकार होते. हरभऱ्याचा जिवाणू सोयाबीनच्या कामाचा नाही आणि सोयाबीनचा भुईमुगासाठी निवडलेल्या जिवाणूची जागा घेऊ शकत नाही, ही समज अशी पहिल्या उत्पादनापासूनच होती. पुढे ती कायद्याच्या भाषेत हरवली, म्हणून तिची इथे आठवण करून द्यावीशी वाटते.

दुसरा धडा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेत मिळाला. जिवाणू कापसावर वाळवून ती पाकिटे शेतकऱ्यांना टपालाने पाठवण्याची योजना मोठा गाजावाजा करून सुरू झाली. स्वतंत्र तपासणीत त्यातल्या कित्येक पाकिटांत उपयोगी जिवाणू उरलेच नसल्याचे आढळले. वाळताना ते मरत होते. त्यानंतर पीटमध्ये (दलदलीतल्या कुजक्या मातीत) जिवाणू मिसळण्याची पद्धत रुळली. १९५० च्या दशकात ऑस्ट्रेलियात वारंवार अपयश आल्यावर जिवाणूचा मूळ वाण एकाच स्वतंत्र प्रयोगशाळेतून द्यायचा आणि बाजारात जाणारा माल तपासूनच सोडायचा, अशी व्यवस्था उभी राहिली. या सगळ्या इतिहासातला सर्वांत कमी चर्चिलेला आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा निर्णय हाच. पाकिटातला जिवाणू जिवंत आहे का आणि तो नेमका तोच आहे का, हे दोन प्रश्न सुटल्याशिवाय पुढचे सगळे प्रयोग व्यर्थ असतात.

मधल्या काळात १९१३ मध्ये जर्मनीत अमोनियाचा पहिला मोठा कारखाना सुरू झाला होता. कारखान्यातल्या नत्राने पिकांचे उत्पादन तर बदललेच, पण जिवाणूंना मोजण्याचे मापही बदलले. तेव्हापासून सूक्ष्मजीवाला विचारला जाणारा पहिला प्रश्न ठरून गेला: हेक्टरी किती किलो नत्र? हा प्रश्न गाठींतल्या जिवाणूंना शोभतो. तिथे वनस्पती त्यांना थेट साखर पुरवते, ऑक्सिजन नेमका हवा तेवढाच राहावा म्हणून गाठीत लाल रंगद्रव्य तयार करते आणि मिळालेला नत्र थेट उचलते. हवेतल्या नत्राचा एक रेणू फोडायला जिवाणूला ऊर्जेचे किमान १६ रेणू (एटीपी) मोजावे लागतात. तो खर्च वनस्पती भागवते. मातीत मोकळ्या फिरणाऱ्या जिवाणूचा हा खर्च कोण करणार? तरीही तोच प्रश्न सरसकट सगळ्यांना लावला गेला.

सोव्हिएत संघात याचा सर्वांत मोठा प्रयोग झाला. मातीत मोकळा राहणारा ॲझोटोबॅक्टर नत्रासाठी आणि बॅसिलस या जिवाणूचा एक वाण स्फुरदासाठी, अशी दोन उत्पादने १९३० च्या दशकापासून वापरात आली आणि १९५८ च्या सुमारास सुमारे १ कोटी हेक्टरवर जिवाणू खते दिली जात होती. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्याच अभ्यासकांनी जुन्या चाचण्यांचा हिशेब मांडला. उत्पादन काही ठिकाणी वाढते, पण वाढ माफक असते आणि ती नत्रामुळे असल्याचा पुरावा कच्चा आहे, असा त्याचा सूर होता. त्याच सुमारास स्फुरदाच्या जिवाणूची अमेरिकेत चाचणी झाली, तिथे फायदा दिसला नाही.

स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंबाबतची अडचण आजही तीच आहे. काचेच्या थाळीत साखर आणि कॅल्शियम फॉस्फेट घालून जिवाणू वाढवला की त्याच्याभोवती पारदर्शक कडे उमटते आणि निवड त्या कड्यावरून होते. शेतात तेवढी साखर नसते. माती आम्ल शोषून घेते, आणि सुटा झालेला स्फुरद चुना, लोह किंवा ॲल्युमिनियमला पुन्हा चिकटतो. मुळाच्या अगदी लगत, जिथे मूळ स्वतःच साखरेसारखी द्रव्ये पाझरते, तिथे हे काम घडू शकते. पण तिथे टिकून राहण्याची क्षमता थाळीवरच्या कड्यातून कळत नाही.

सत्तरच्या दशकातली ॲझोस्पिरिलम या जिवाणूची कथा थोडी विस्ताराने सांगायला हवी, कारण मापाने केलेली दिशाभूल तिथे स्पष्ट दिसते. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात नत्र स्थिरीकरण, म्हणजे हवेतला नत्र पिकाला घेता येईल अशा रूपात आणणे, मोजण्याची स्वस्त चाचणी हाती आली. नत्र फोडणारे एन्झाइम ॲसिटिलीनचे इथिलीनमध्ये रूपांतर करते, तेव्हा इथिलीन मोजायचा आणि त्यावरून नत्राचा अंदाज बांधायचा. १९७४-७५ मध्ये ब्राझीलमध्ये गवतांच्या आणि मक्याच्या मुळांवर ॲझोस्पिरिलम सापडला आणि या चाचणीत आकडे भलतेच मोठे आले. १९७३ च्या तेलसंकटाने नत्रखत महागले होते. तृणधान्यांना आता युरिया लागणार नाही, अशी आशा जगभर पसरली.

आकडे मोठे येण्याचे कारण काही वर्षांत उघड झाले. मुळे कापून, धुऊन, कमी ऑक्सिजनमध्ये रात्रभर ठेवली जात आणि मग मोजणी होई. त्या रात्रीत जिवाणू वाढत. मोजला जात होता तो प्रयोगशाळेतल्या बरणीत तयार झालेला वेग. शेतातला वेग त्याहून कितीतरी कमी होता. उत्साह ओसरला आणि अनेकांनी हा विषयच सोडून दिला.

पण शेतातल्या चाचण्यांमध्ये ॲझोस्पिरिलम फायदा देतच राहिला. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, वीस वर्षांच्या चाचण्यांच्या आढाव्यात सुमारे ६० ते ७० टक्के वेळा उत्पादनात ५ ते ३० टक्के वाढ नोंदली गेली. नत्र स्थिर करण्याची क्षमता काढून टाकलेले वाणही मुळांवर तसाच परिणाम करत. खरे काम वेगळेच होते. हा जिवाणू ऑक्सिन हे वाढीचे संप्रेरक तयार करतो, त्याने मुळाला जास्त फाटे आणि जास्त केसमुळे फुटतात आणि ते मूळ जमिनीतले पाणी व आधीच असलेले अन्न जास्त उचलते. म्हणजे तो खत आणत नव्हता, असलेले खत वाया जाऊ देत नव्हता. शाश्वत शेतीच्या दृष्टीने हे काम मुळीच कमी प्रतीचे नाही. वाहून जाणारा नत्र भूजलात नायट्रेट होऊन आणि हवेत नायट्रस ऑक्साइड होऊन त्रास देतो, तो पिकात अडवणे म्हणजे दोन्हीकडचा बचाव. किलोच्या हिशेबात मात्र या कामाला रकाना नव्हता.

ब्राझीलने याच काळात दुसरीकडे जे साधले त्याला तोड नाही. सोयाबीन तिथले मूळ पीक नाही आणि त्याच्या गाठींचे जिवाणूही तिथल्या मातीत नव्हते. सोयाबीनच्या वाणांची निवड नत्रखत न घालता झाली आणि त्याबरोबर योग्य जिवाणू शोधत राहिले. आज तिथले कोट्यवधी हेक्टर सोयाबीन जवळजवळ नत्रखताशिवाय उभे राहते. पीक-पैदासकार आणि सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ यांनी एकत्र काम केले, हे त्या यशाचे कारण. इतर पिकांत हे दोघे दशकानुदशके वेगळ्या वाटेने गेले आणि भरपूर खतावर निवडलेल्या वाणांना जिवाणूंची गरज उरली आहे का, हे कोणी फारसे विचारलेच नाही.

मायकोरायझाची वाटचाल स्वतंत्र आहे. बहुतेक पिकांच्या मुळांत शिरणारी ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढत नाही, त्यामुळे तिचे उत्पादनच अवघड. स्फुरद कमी असताना मूळ विशिष्ट रासायनिक संकेत सोडते आणि त्याने बुरशीला फांद्या फुटतात, हे २००५ मध्ये कळले. स्फुरदाचा भरपूर डोस मिळालेले पीक हा संकेत जवळपास थांबवते. मोहरी-कोबीच्या कुळातली पिके ही भागीदारी करतच नाहीत. स्वित्झर्लंडमधल्या ५४ मक्याच्या शेतांत ही बुरशी सोडून केलेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत फरक उणे १२ टक्क्यांपासून अधिक ४० टक्क्यांपर्यंत आला. फायदा कुठे होईल हे मातीतल्या अन्नद्रव्यांपेक्षा तिथल्या रोगकारक बुरशींवरून जास्त ओळखता आले, ही त्यातली खरी बातमी. मायकोरायझा तिथे स्फुरद पुरवण्यापेक्षा मुळाचे रक्षण करत असावी.

ही पार्श्वभूमी घेऊन युरोपच्या २०१९ च्या नियमावलीकडे पाहिले की तिचे दोन भाग एकमेकांशी भांडताना दिसतात. तिने जैव उत्तेजकाची व्याख्या केली: उत्पादनात स्वतः किती अन्नद्रव्य आहे याचा विचार न करता वनस्पतीच्या पोषणाला चालना देणारे, म्हणजे अन्नद्रव्यांचा वापर सुधारणारे, पाणी-उष्णतेचा ताण सोसायला मदत करणारे, पिकाची गुणवत्ता वाढवणारे किंवा जमिनीत अडकलेली अन्नद्रव्ये उपलब्ध करणारे. शंभर वर्षे जिवाणूंना जखडून ठेवणारे किलोचे माप या एका वाक्याने बाजूला सारले. व्याख्येपुरते पाहिले तर इतका शहाणा मजकूर खतांच्या कायद्यात मला तरी दुसरीकडे दिसलेला नाही.

पण व्याख्येत बसणारा कोणताही सूक्ष्मजीव चालणार नाही, यादीतला हवा, असेही तीच नियमावली म्हणते. यादीत नावे चार: ॲझोटोबॅक्टर, मायकोरायझल बुरशी, रायझोबियम (गाठींतले जिवाणू) आणि ॲझोस्पिरिलम. त्यांवर वाळवणे किंवा गोठवून वाळवणे याखेरीज दुसरी प्रक्रिया केलेली चालत नाही. बॅसिलस नाही, स्यूडोमोनास (जिवाणू) नाही, ट्रायकोडर्मा (बुरशी) नाही. मुळाजवळच्या सूक्ष्मजीवांवर १९७८ नंतर जे काम झाले त्याचा फार मोठा भाग याच तिघांवर आहे.

यादी सुरक्षिततेसाठी आहे, असे तिचे समर्थन केले जाते आणि ते पोकळ नाही. बॅसिलस प्रजातीत काळपुळीचा जिवाणू आहे, स्यूडोमोनासमध्ये रुग्णालयांत संसर्ग पसरवणारा आहे. अशा प्रजातींना सरसकट परवाना देता येत नाही. मात्र मग मंजुरी वाणाच्या पातळीवर द्यायला हवी होती. प्रजातीच्या नावाने दिलेली परवानगी एकीकडे फार सैल पडते आणि दुसरीकडे फार घट्ट. ‘मायकोरायझल बुरशी’ हे तर प्रजातीचे नाव नाहीच, ती जगण्याची एक रीत आहे. मक्याच्या मुळातली सूक्ष्म बुरशी आणि ओक वृक्षाखालचा ट्रफल (जमिनीखाली वाढणारी खाद्य बुरशी) असे एकमेकांपासून फार दूरचे जीव त्यात येतात. उलट सोयाबीनच्या गाठींचा जिवाणू १९८२ पासून रायझोबियममधून वेगळा काढून ब्रॅडीरायझोबियम या स्वतंत्र प्रजातीत ठेवलेला आहे. यादी अक्षरशः वाचली तर जगात सर्वांत यशस्वी ठरलेला जिवाणू तिच्यात नाही आणि शेतातला पुरावा कच्चा असलेला ॲझोटोबॅक्टर आहे.

चारही नावांत एक सूत्र दिसते. नत्र किंवा स्फुरद पुरवणारे म्हणून जुन्या पुस्तकांत ज्यांची नोंद होती, तेच यादीत आले. व्याख्येने दूर केलेले माप यादीच्या वाटेने परत आत शिरले.

सीमारेषेची अडचण याहून किचकट आहे. ट्रायकोडर्मा मुळाला फाटे फोडते आणि मूळकुज करणाऱ्या बुरशीवर परजीवी म्हणूनही जगते. शेतात ही दोन्ही कामे एकाच वेळी चालतात. कायद्यात मात्र वेष्टनावर रोगाचे नाव आले की तेच उत्पादन पीक संरक्षकांच्या कायद्याखाली जाते, जिथे मंजुरीला अनेक वर्षे आणि मोठा खर्च लागतो. उत्पादकाला त्यामुळे अर्धेच काम वेष्टनावर लिहावे लागते. मायकोरायझाच्या स्विस चाचणीने दाखवलेला फायदा खरा धरला, तर यादीत असलेल्या बुरशीचे सर्वांत उपयोगी काम लिहिण्याची मुभाच तिच्या उत्पादकाला नाही.

यादी कडक असावी असे म्हणणाऱ्यांना अमेरिकेतल्या अलीकडच्या घडामोडींनी बळ दिले आहे, हेही नमूद करायला हवे. मक्यासारख्या तृणधान्यांना हवेतला नत्र पुरवण्याचा दावा करणारी उत्पादने २०१९ नंतर तिथे मोठ्या क्षेत्रावर गेली. त्यातल्या काहींत जनुके बदललेले जिवाणू आहेत, म्हणजे नत्रखत घातलेल्या जमिनीतही स्थिरीकरण बंद पडू नये अशी सोय. मक्याच्या पट्ट्यातल्या राज्यांनी मिळून अशा उत्पादनांच्या घेतलेल्या ६१ स्वतंत्र चाचण्यांचे निकाल २०२३ मध्ये आले. त्यांपैकी फक्त २ ठिकाणी उत्पादनात ठळक वाढ दिसली. विक्री आधी, तपासणी नंतर, हा क्रम कापसावरच्या जिवाणूंच्या वेळी होता तसाच राहिला.

तृणधान्य आणि नत्र यांचे नाते मुळातच अशक्य आहे, असा याचा अर्थ नाही. मेक्सिकोच्या डोंगराळ भागातला एक स्थानिक मका जमिनीवरच्या मुळांतून चिकट द्रव पाझरतो आणि त्यातल्या जिवाणूंकडून २९ ते ८२ टक्के नत्र मिळवतो, असे २०१८ मध्ये मोजले गेले. तिथे साखर आणि कमी ऑक्सिजन या दोन्ही अटी वनस्पतीनेच पूर्ण केलेल्या आहेत. बाटलीतला जिवाणू बदलत राहण्यापेक्षा या गुणाची पैदास करणे जास्त फळेल, असे मानणारा गट वाढतो आहे.

युरोपच्या यादीत नवी नावे घालण्याची तरतूद नियमावलीतच आहे. त्यासाठी जीवाची नेमकी ओळख, तयार करण्याची आणि टिकवण्याची सुरक्षित पद्धत आणि पूर्वीच्या सुरक्षित वापराचा पुरावा मागितला जातो. सदस्य देशांचे आपापले जुने नियमही सुरूच आहेत. त्यामुळे बॅसिलसचे एखादे उत्पादन एका देशात तिथल्या कायद्याने रीतसर विकले जाते, पण सामाईक बाजारपेठेची सीई खूण त्याला मिळत नाही, आणि शेजारच्या देशात त्याला परवानगीसाठी पुन्हा अर्ज करावा लागतो.