पायडलाआधी तोल

बॅलन्स बाइकवर, म्हणजे पायडल नसलेल्या आणि पायांनी जमीन ढकलत चालवायच्या छोट्या सायकलवर, सोसायटीच्या आवारात सुसाट फिरणारे साडेतीन-चार वर्षांचे मूल पहिल्यांदा पायडलच्या सायकलवर बसले, की बहुतेक घरांत एकच दृश्य दिसते. मूल मान खाली घालून स्वतःच्या पावलांकडे पाहत राहते, आई किंवा बाबा हँडल धरून वाकून शेजारी धावत असतात, तोंडाने ‘हळू, हळू’ चाललेले असते, आणि सायकल काही केल्या सरळ जात नाही. या दृश्यातल्या तिन्ही गोष्टी, म्हणजे खाली वळलेली नजर, धरून ठेवलेले हँडल आणि हळू जाण्याची सूचना, तोलाच्या विज्ञानाशी विसंगत आहेत.

सायकलचा तोल अंग स्थिर ठेवल्याने राहत नाही, तो हँडलने राखला जातो. सायकल डावीकडे कलली की स्वार नकळत हँडल किंचित डावीकडे वळवतो, त्यामुळे चाके कललेल्या शरीराच्या खाली सरकतात आणि सायकल पुन्हा उभी होते. तळहातावर काठी उभी धरताना ती जिकडे पडू लागेल तिकडे आपण हात नेतो, त्यातलाच हा प्रकार आहे. फिरणाऱ्या चाकांच्या भोवऱ्यासारख्या गुणामुळेच सायकल उभी राहते, अशी समजूत अजूनही आढळते. परंतु २०११ मध्ये नेदरलँड्स आणि अमेरिकेतील संशोधकांनी हा परिणाम जवळजवळ नाहीसा केलेली एक प्रायोगिक सायकल बनवली आणि तीही स्वाराशिवाय स्वतःला सावरत गेली, कारण कलेल त्या बाजूला वळण्याचा गुण तिच्यात शिल्लक होता.

काठीचा दाखला लहान मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगतो. तळहातावर लांब काठी तोलणे सोपे असते, पण पेन्सिल तोलणे जवळपास अशक्य होते, कारण वस्तू जितकी आखूड तितकी ती लवकर कलंडते. लहान सायकलवरील लहान मुलाचा गुरुत्वमध्य खाली असल्यामुळे मोठ्या माणसापेक्षा त्याला सावरायला कमी वेळ मिळतो. त्यात वेग कमी असेल तर काम अधिकच अवघड होते. वेग निम्मा झाला की तेवढ्याच कलाला सावरण्यासाठी हँडल सुमारे चौपट वळवावे लागते. म्हणूनच ‘हळू’ म्हणणाऱ्या पालकाचे ऐकणारे आज्ञाधारक मूल हमखास झोकांड्या खाते.

बाजूच्या छोट्या चाकांची सायकल मुळी कलतच नाही, त्यामुळे त्या चाकांवर मूल पायडल मारायला शिकते, तोलाचा धडा मात्र तसाच राहून जातो. बॅलन्स बाइक हा क्रम उलटवते. पोर्तुगालमधील संशोधकांनी केलेल्या एका सर्वेक्षणात, बॅलन्स बाइकवर सुरुवात केलेली मुले सरासरी चौथ्या वर्षाच्या सुमारास स्वतंत्रपणे सायकल चालवू लागल्याचे, तर बाजूच्या चाकांवर सुरुवात केलेली सहाव्या वर्षाच्या सुमारास चालवू लागल्याचे दिसले. पालकांच्या आठवणींवर आधारलेली माहिती असल्याने हे आकडे फार काटेकोर मानू नयेत. इतिहासातही तोलच आधी आला. कार्ल फॉन ड्राइस यांनी १८१७ मध्ये जर्मनीतील मानहाइम येथे चालवलेली दुचाकी पायांनी जमीन ढकलतच पुढे जात असे, आणि पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पायडल बसले ते १८६० च्या दशकात. आपल्याकडे तासावर भाड्याने आणलेल्या मोठ्या सायकलच्या एका पायडलवर पाय ठेवून दुसऱ्या पायाने जमीन रेटत जाणारी पिढीही, कोणी न सांगता, आधी तोलच शिकत होती.

मग बॅलन्स बाइक सरावाने येणाऱ्या मुलाला पायडलची सायकल अवघड का वाटते? एक कारण वजनाचे आहे. चार वर्षांचे मूल साधारण १६ किलोंचे असते आणि त्याला मिळणारी लोखंडी सायकल पुष्कळदा त्याच्या निम्म्या वजनाची असते. दुसरे कारण पायडलांतच दडलेले आहे. पायडल सायकलच्या मधोमध नसून बाजूला असते, त्यामुळे प्रत्येक दाब सायकलला त्या बाजूला कलवतो आणि जुना तोल या नव्या हेलकाव्यांशी जुळवून घ्यावा लागतो.

दोन्ही अडचणी एकदम अंगावर घेऊ नयेत. नव्या सायकलची पायडले सुरुवातीला काढूनच ठेवावीत. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवले की सुटते. हे ठाऊक नसल्याने पाना घेऊन घाम गाळणारे आणि आटे बिघडवणारे लोक कमी नाहीत. सीट दोन्ही पावले जमिनीला पूर्ण टेकतील इतकी खाली घेतली, की जड सायकल हीच मोठी बॅलन्स बाइक होते. हेल्मेट अर्थातच डोक्यावर हवे. याच काळात हाताचा ब्रेक शिकवावा, कारण पाय टेकवून थांबायची सवय लागलेल्या मुलाला वेगात तो आठवत नाही. दोन्ही पाय उचलून मूल वळणावरूनही आरामात घसरत जाऊ लागले आणि ब्रेक दाबून थांबू लागले, की पायडले पुन्हा बसवावीत.

त्या दिवशी धरायचे ते मुलाला, पाठीला किंवा काखेत, आणि तेही सैल. हँडल धरले की सावरण्याचे एकमेव साधन आपण त्याच्या हातून काढून घेतो. समोरच्या एखाद्या झाडाकडे किंवा फाटकाकडे बघायला सांगितले की नजर पायांवरून सुटते. तयारी झालेल्या मुलाला पायडल फिरवणे बहुधा फार वेळ अडवत नाही.

सर्वांत शेवटी जमते ते थांबलेल्या अवस्थेतून स्वतः निघणे, कारण वेग शून्य असतानाच तोल सर्वांत नाजूक असतो. एक पायडल घड्याळातल्या दोनच्या जागी वर आणून त्यावर जोर देत निघायचे, हे समजायला काही दिवस जातात, आणि तोवर मैदानभर गोल गोल फिरू शकणारे मूल प्रत्येक थांब्यानंतर ‘बाबा, ढकला ना’ अशी हाक मारत राहते.