कलाशिक्षण आणि पहिल्या पिढीचा महाविद्यालयप्रवेश

कलाशिक्षण आणि पहिल्या पिढीचा महाविद्यालयप्रवेश : अमेरिकेतील गरीब, मुख्यतः लॅटिनो (लॅटिन अमेरिकी मूळ असलेल्या) आणि कृष्णवर्णीय वस्त्यांतील मुलांना नृत्य, चित्रकला, संगीत यांचे मोफत शिक्षण देत महाविद्यालयाच्या दारापर्यंत नेण्याची पद्धत. ती प्रामुख्याने १९८० नंतर शाळेबाहेरच्या ना-नफा संस्थांनी रुजवली. ‘पहिल्या पिढीचा विद्यार्थी’ ही तिथे कायद्यातली संज्ञा आहे. आईवडिलांपैकी कोणीही चार वर्षांची पदवी घेतलेली नसेल, तर मूल पहिल्या पिढीचे. थोरली बहीण किंवा मामा पदवीधर असला तरी तो हिशेबात येत नाही.

सरकारी प्रयत्न याच्या आधीचे आहेत. १९६४ च्या आर्थिक संधी कायद्यातून ‘अपवर्ड बाउंड’ आणि १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्यातून ‘टॅलेंट सर्च’ सुरू झाले; १९६८ मध्ये तिसऱ्या कार्यक्रमाची भर पडल्यावर सगळ्यांना मिळून ‘ट्रिओ’ म्हणू लागले. त्यांचा भर शिकवणी आणि मार्गदर्शनावर होता, कलेवर नव्हे.

कला शाळेबाहेर का शोधावी लागली, याचे उत्तर कॅलिफोर्नियापुरते तरी करांत सापडते. १९७८ मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या ‘प्रपोझिशन १३’ या प्रस्तावाने मालमत्ता कराला वेसण घातली आणि त्या करावर चालणाऱ्या शाळांची ओढाताण सुरू झाली. कात्री लागली ती संगीत आणि चित्रकलेच्या शिक्षकांना. सधन भागांत पालकांनी वर्गणी काढून ती जागा भरली. गरीब भागांत ती रिकामीच राहिली. शाळांतील कला व संगीतासाठी वेगळा निधी राखून ठेवणारे ‘प्रपोझिशन २८’ मतदारांनी मंजूर केले ते २०२२ मध्ये.

या पद्धतीचे सर्वांत बोलके उदाहरण कॅलिफोर्नियाच्या ऑरेंज काउंटीतील सांता आना या शहरात आहे. तीन लाखांहून थोडी अधिक वस्ती, त्यात तीन चतुर्थांशांहून जास्त लॅटिनो. तिथे १९८३ मध्ये बेथ बर्न्स यांनी ‘सेंट जोसेफ बॅले’ नावाने नृत्यवर्ग काढला. त्या सेंट जोसेफ या कॅथलिक संघाच्या जोगीण (नन) होत्या. २००९ पासून संस्थेचे नाव ‘द वुडन फ्लोर’, म्हणजे लाकडी जमीन. नाव साधे वाटते, पण नाचणाऱ्याला त्याचे मोल कळते : तालमीच्या खोलीतली लाकडी जमीन उडी मारून खाली येताना पायाखाली किंचित दबते, तर सिमेंटवर तेच वर्षभर केले की गुडघे बोलू लागतात. प्रवेश देताना घरची मिळकत आणि मुलाची ओढ पाहतात. आधी नाच शिकलेला असण्याची अट नाही. मूल साधारण तिसरी-चौथीत येते आणि बारावीपर्यंत राहू शकते. बाहेरून येणारे नृत्यदिग्दर्शक मुलांना बसवलेला नाच घोकायला लावत नाहीत, त्यांच्या हालचालींतूनच नवी रचना उभी करतात. त्याच छपराखाली अभ्यासाची शिकवणी, कुटुंबाला आधार आणि महाविद्यालयाची तयारी चालते. २००५ पासून आपल्याकडून बारावी झालेला प्रत्येक विद्यार्थी उच्च शिक्षणाला गेला, असे संस्था सांगते. आकडा चकित करणारा आहे. पण शेवटपर्यंत टिकलेल्या मुलांचा तो आहे, हे वाचताना विसरू नये.

मुले पुढे नर्तकच व्हावीत, हा इथे हेतू नसतो. कला हे रोज यायचे निमित्त. खरी झुंज बारावीच्या वर्षी ‘फाफ्सा’ या आर्थिक मदतीच्या अर्जाशी असते. सतरा वर्षांची मुलगी, शेजारी आई, समोर कर-विवरणपत्र. अर्ज स्पॅनिशमध्येही मिळतो, पण ‘समायोजित एकूण उत्पन्न’ कोणत्याही भाषेत लिहिले तरी कळत नाही. आईवडिलांकडे देशात राहण्याची अधिकृत कागदपत्रे नसतील तर अर्जात त्यांचे नाव घालावे की नाही, ही धास्ती वेगळीच. अशा वेळी अनोळखी समुपदेशकापेक्षा आठ वर्षे ओळखीच्या माणसाने शेजारी बसणे उपयोगी पडते. माझ्या मते या पद्धतीचे सारे बळ या ओळखीत आहे. प्रवेश मिळाल्यावरही काही मुले ऑगस्टमध्ये वर्गात पोहोचतच नाहीत : लसीचा दाखला राहतो, वसतिगृहाची अनामत भरायची राहते. या गळतीला ‘समर मेल्ट’ असे नाव आहे.

इतर संस्थांच्या तऱ्हा निराळ्या. शिकागोतील ‘मारवेन’ (१९८७) दृश्यकलेचे मोफत वर्ग घेते. बॉस्टनची ‘आर्टिस्ट्स फॉर ह्युमॅनिटी’ (१९९१) किशोरांना कलाकामाची मजुरी देते. संध्याकाळची नोकरी सोडून चित्र काढायला ये, असे गरिबाच्या मुलाला फुकट सांगता येत नाही, हे तिने ओळखले. ‘लॉस एंजेलिस फिलहार्मोनिक’ या वाद्यवृंदाने २००७ मध्ये ‘योला’ हा युवा वाद्यवृंद उभा केला.

कलेमुळेच मुले पुढे जातात का, यावर वाद आहे. संशोधक जेम्स कॅटरॉल आणि सहकाऱ्यांच्या २०१२ च्या अहवालात गरीब घरांतल्या, पण कलेचा भरपूर सहवास लाभलेल्या मुलांपैकी ७१ टक्के महाविद्यालयात गेलेली आढळली. तो सहवास कमी लाभलेल्यांत ४८ टक्के. मात्र हा सहसंबंध झाला. मुळातच चिकाटीची मुले कलेकडे वळत असतील, तर श्रेय कोणाचे? कलेने परीक्षेतले गुण वाढतात या दाव्याला कार्यकारणाचा पुरावा नाही, असे एलेन विनर आणि मोनिका कूपर या संशोधकांनी २००० मध्येच लिहिले होते.

जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने महाविद्यालयीन प्रवेशात वंशाचा विचार करण्यावर बंदी आणली. कॅलिफोर्नियातील सरकारी विद्यापीठांत ती १९९६ च्या जनमताने आधीच ठरली होती. वंशाचा आपल्या जगण्यावर काय परिणाम झाला, हे अर्जाच्या निबंधात लिहिण्याची मुभा मात्र निकालाने ठेवली आहे. त्यामुळे निबंधाचे वजन वाढले आणि त्याबरोबर आपले दुःख रंगवून मांडण्याचा दबावही. कलाशाळांना निबंधाबरोबर कामाचे नमुनेही लागतात. तिथे मुलगी स्वतः काढलेली चित्रे मांडू शकते, आणि त्यांत बेघरपणाची गोष्ट असलीच पाहिजे असे नाही.