तिरळेपणाच्या शस्त्रक्रियेतील भूल

डोळा हलवणाऱ्या सहा स्नायूंपैकी एखादा मूळ जागेवरून सोडवून मागे शिवणे किंवा कापून आखूड करणे, म्हणजे तिरळेपणाची शस्त्रक्रिया. सगळा हिशेब मिलिमीटरचा. डोळे आत वळलेले असतील तर दोन्हीकडचे नाकाजवळचे सरळ स्नायू 3 मिमी मागे नेल्यावर सुमारे 15 प्रिझम डायॉप्टरचा (हे तिरळेपणा मोजण्याचे एकक) तिरळेपणा निघतो, 5 मिमी नेल्यावर 35 चा, असे प्रचलित कोष्टक सांगते. पण कोष्टक बनते ते जागेपणी मोजलेल्या कोनावरून आणि शस्त्रक्रिया होते भुलीखाली. भुलीची औषधे नेमका स्नायूंचा ताणच बदलतात.

पूर्ण भुलीत डोळे बहुधा बाहेरच्या बाजूला सरकतात. आत वळलेल्या डोळ्यांचे मूल टेबलावर जवळजवळ सरळ डोळ्यांचे दिसू शकते. म्हणून कोन आधीच, शक्यतो एकाहून अधिक वेळा मोजून ठेवतात. टेबलावर दिसणाऱ्या डोळ्यावर फार विसंबून चालत नाही.

टेबलावर करायची खरी उपयोगी चाचणी वेगळी: चिमट्याने डोळा धरून चहूबाजूंना फिरवून पाहायचे. डोळा अडला तर स्नायू आखडलेला आहे. मोकळा फिरला तर दोष बहुधा मज्जातंतूचा. इथे सक्सिनिलकोलीन घोटाळा करते. श्वासनलिकेत नळी घालताना स्नायू शिथिल करण्यासाठी ते देतात. हातापायांचे स्नायू क्षणभर फडफडून सैल पडतात. डोळ्यांच्या स्नायूंत मात्र काही तंतू असे आहेत की त्यांच्यावर एकाऐवजी अनेक ठिकाणी मज्जातंतूंची टोके येऊन मिळतात. हे तंतू सैल न पडता आकसून राहतात. त्यामुळे साधारण 15 ते 20 मिनिटे चाचणी फसवी ठरते आणि निरोगी स्नायूही ताठ भासतो. शिवाय काही मोजक्या रुग्णांत हे औषध शरीराचे तापमान जिवावर बेतेल इतके चढवू शकते. रोक्युरोनियम, व्हेक्युरोनियम या स्नायू शिथिल करणाऱ्या दुसऱ्या औषधांचा असा त्रास नसल्याने आता कल त्यांच्याकडे आहे.

स्नायू ओढला की हृदयाचे ठोके एकाएकी मंदावतात. हा नेत्र-हृदय प्रतिक्षेप, म्हणजे शरीराची आपोआप होणारी प्रतिक्रिया, 1908 मध्ये अॅश्नर आणि डाग्निनी यांनी स्वतंत्रपणे नोंदवला. संदेश चेहऱ्याच्या संवेदी मज्जातंतूने मेंदूकडे जातो आणि व्हेगस मज्जातंतूने हृदयाकडे उतरतो. मुलांत तो अधिक तीव्र असतो. पहिला उपाय औषधाचा नाही: शल्यविशारदाने ओढ सैल सोडायची. भागले नाही तर ठोके वाढवणारे अॅट्रोपिन. फेंटॅनिलसारखी अफूवर्गीय औषधे आणि गुंगी आणणारे डेक्समेडेटोमिडीन हा प्रतिक्षेप वाढवतात, भुलीचे औषध केटामाइन तो कमी करते. प्रोपोफॉल या भुलीच्या औषधाने उलट्या कमी होतात, पण ठोके मंदावण्याचा धोका वाढतो. एका हाताने द्यायचे आणि दुसऱ्याने काढून घ्यायचे, असा हा प्रकार. आणि या शस्त्रक्रियेनंतर मुलांना उलट्या फार होतात, त्यामुळे हा सौदा टाळताही येत नाही. जोडीला उलट्या रोखणारी ऑन्डान्सेट्रॉन व डेक्सामेथासोन देतात.

प्रौढांत काही वेळा टाका सरकवता येईल असा ठेवतात. रुग्ण शुद्धीवर आल्यावर समोरच्या वस्तूकडे पाहायला सांगून टाका घट्ट किंवा सैल करतात. त्या वेळी भुलीची गुंगी किंवा डोळ्यामागे टोचलेल्या औषधाचा अंमल उरलेला असेल, तर हे सगळे व्यर्थ. म्हणून लवकर उतरणारी भूल निवडतात. काही निवडक प्रौढांत तर डोळ्यात टाकायच्या भुलीच्या नुसत्या थेंबांवरही काम होते.

स्थानिक भुलीची औषधे स्वतःच तिरळेपणा निर्माण करू शकतात. मोतीबिंदूच्या वेळी डोळ्यामागे टोचलेले ब्युपिव्हाकेन चुकून स्नायूत गेले तर तंतू मरतात. पुढे स्नायू आखडतो आणि रुग्णाला एकाखाली एक अशा दोन प्रतिमा दिसू लागतात. बहुतेकदा डोळ्याखालचा सरळ स्नायू यात सापडतो. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ अॅलन स्कॉट यांनी हाच दुष्परिणाम उपचार म्हणून वापरून पाहिला. बोट्युलिनम विषाने स्नायू दुबळा करण्याची पद्धत त्यांचीच. पुढे त्यांनी दुबळ्या स्नायूत मुद्दाम ब्युपिव्हाकेन टोचले. मेलेल्या तंतूंच्या जागी नवे तंतू येताना स्नायू जाड आणि ताठर होतो आणि डोळ्याला आपल्या बाजूला ओढतो.