टँटॅलमची तहान

१८०२ साली स्वीडनच्या आंदेर्स गुस्ताफ एकेबर्गने फिनलंड आणि स्वीडनमधल्या इटर्बी इथल्या खनिजांतून एका नव्या मूलद्रव्याचे ऑक्साइड वेगळे केले. आम्लात बुडवून ठेवले तरी ते आम्लाला दाद देईना. ग्रीक पुराणातला टँटॅलस गळ्याइतक्या पाण्यात उभा असूनही तहानलेला, म्हणून नाव पडले टँटॅलम. नाव अर्धेच खरे आहे. थंड असताना हा धातू सहसा काही पीत नाही, पण तापला की ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन असे दिसेल ते पितो आणि ठिसूळ होतो.

पुढची साठेक वर्षे नायोबियम या जुळ्या भावासारख्या मूलद्रव्याशी झालेल्या गोंधळात गेली. दोन्ही एकच, असे इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ वुलस्टनने १८०९ मध्ये सांगून टाकले. १८४४ मध्ये हाइन्रिख रोझेने दुसऱ्याला टँटॅलसच्या मुलीचे, नायोबीचे, नाव दिले. १८६६ मध्ये मारिन्याकने दोघांना कामापुरते वेगळे केले: पोटॅशियमचे टँटॅलम फ्लोराइड पाण्यात कमी विरघळते, त्यामुळे त्याचे स्फटिक आधी खाली बसतात. १९५०च्या दशकात द्रावक-निष्कर्षण (योग्य द्रावकात एकच धातू ओढून घेणे) येईपर्यंत कारखान्यांचा आधार हीच पद्धत होती.

तार ओढता येईल असा धातू मात्र १९०३ मध्येच हाती आला. बर्लिनच्या सीमेन्स अँड हाल्स्केत वेर्नर फॉन बोल्टनने तो निर्वातात वितळवला आणि त्यातले वायू निघून गेले. वितळबिंदू ३,००० अंश सेल्सिअसच्या वर, त्यामुळे तो दिव्याच्या तारेला योग्य ठरला. पण रोध कमी, म्हणून ०.०५ मिमी जाडीची सुमारे ६५ सेंमी तार दिव्यातल्या छोट्या हुकांवरून वरखाली ताणावी लागे. एका दिव्यात जेमतेम २२ मिलिग्रॅम धातू! एसी (उलटसुलट वाहणाऱ्या विजेच्या) पुरवठ्यावर तारेतले कण बाजूला सरकून ती लवकर तुटे. टंगस्टनची तार ओढता येऊ लागली आणि हे दिवे संपले.

धातूला तारले ते त्याच्या कातडीने, म्हणजे पृष्ठभागावर आपोआप बसणाऱ्या ऑक्साइडच्या थराने. हा थर एकाच दिशेने वीज जाऊ देतो, म्हणून अमेरिकेत १९२०च्या दशकात त्याचे बॅटरी चार्ज करणारे रेक्टिफायर (एसीला एकाच दिशेने वाहायला लावणारी साधने) निघाले. १९५०च्या दशकात बेल लॅब्स या अमेरिकी संशोधन संस्थेने घन कपॅसिटर (वीज साठवणारा घटक) घडवला: भुकटी दाबून निर्वातात भाजायची, विजेने थर चढवायचा (दर व्होल्टला २ नॅनोमीटरच्या आसपास) आणि वर मँगनीज डायऑक्साइड भरायचे. थर फुटला की हेच डायऑक्साइड ऑक्सिजन पुरवते आणि टँटॅलम पेट घेतो. म्हणून १२ व्होल्टच्या सर्किटला २५ व्होल्टचा कपॅसिटर लावतात. त्यावरचा पट्टा धन टोकाचा असतो, अ‍ॅल्युमिनियमच्या कपॅसिटरवर ऋण टोकाचा. नवशिके इथेच फसतात.

रसायन कारखान्यांत उकळत्या हायड्रोक्लोरिक आम्लालाही हीच कातडी पुरते. हायड्रोफ्लोरिक आम्ल, ओलियम (धूर सोडणारे सल्फ्युरिक आम्ल) आणि गरम तीव्र कॉस्टिक सोड्यापुढे मात्र तिचे चालत नाही. नळ्यांना जास्त ताकद हवी असेल तर २.५ टक्के टंगस्टनचा मिश्रधातू घेतात, उच्च तापमानाला १० टक्क्यांचा. वेल्डिंग शुद्ध आरगॉनमध्येच करायचे आणि मागचा सांधा थंड होईपर्यंत आरगॉन बंद करायचा नाही. सुमारे ३०० अंशांपुढे हवा लागली की सांध्यावर निळी-राखाडी छटा येते, तो टाकाऊ समजावा. ग्लासलाइन्ड रिअ‍ॅक्टरच्या (आतून काचेचा थर दिलेल्या लोखंडी पात्राच्या) दुरुस्तीत बसवलेली टँटॅलमची बुचे लोखंडाला टेकली, तर आम्लात लोखंड झिजते आणि सुटणारा हायड्रोजन बूच पिते. काही दिवसांनी ते तडकते. म्हणून ते लोखंडापासून विजेच्या दृष्टीने अलग ठेवतात, किंवा त्यावर प्लॅटिनमचा छोटा ठिपका जोडतात. हायड्रोजन मग त्या ठिपक्यावर बुडबुडे होऊन निघून जातो.