फाइलचं आडनाव तपासा

लग्नपत्रिकेच्या नावाखाली व्हॉट्सअ‍ॅपवर 'एपीके' फाइल, म्हणजे अँड्रॉइड फोनवर अ‍ॅप बसवणारी फाइल येते, ती उघडू नका, असं पोलिसांनी सांगितल्याच्या बातम्या आपण वाचल्या. त्यावर हमखास ऐकू येणारं उत्तर असं: "आमच्या घरच्या कम्प्युटरवर अँटिव्हायरस आहे, आणि आम्ही पीडीएफशिवाय काही उघडत नाही." यातल्या दुसऱ्या वाक्याची मला जास्त काळजी वाटते. समोर दिसते ती पीडीएफच आहे, हे ठरवलं कोणी?

फाइलच्या नावात शेवटच्या टिंबानंतर येणारं एक्स्टेन्शन हे तिचं आडनाव. डबल क्लिक केलं की विंडोज ते पाहून पुढचं ठरवतं. 'पीडीएफ' असेल तर फाइल वाचणाऱ्या प्रोग्रामकडे जाते. 'ईएक्सई' असेल तर फाइल हाच प्रोग्राम, तो थेट चालू होतो. पण नेहमीच्या प्रकारांची एक्स्टेन्शन्स विंडोज मुळातच लपवून ठेवतं, त्यामुळे 'लाइटबिल.पीडीएफ.ईएक्सई' ही फाइल पडद्यावर 'लाइटबिल.पीडीएफ' दिसते. नावाशेजारच्या पीडीएफच्या लाल चिन्हावरही विसंबू नका. ईएक्सई फाइल आपलं चिन्ह स्वतःच्या पोटात घेऊन येते, आणि बनवणारा तिथे हवं ते चित्र घालू शकतो. मे 2000 मध्ये जगभर पसरलेल्या 'आय लव्ह यू' या वर्मने, म्हणजे आपोआप पसरणाऱ्या घातक प्रोग्रामने, एक्स्टेन्शन लपवण्याची हीच सोय वापरली. ईमेलला जोडलेलं प्रेमपत्र 'टीएक्सटी', म्हणजे साधा मजकूर दिसायचं, खरं आडनाव होतं 'व्हीबीएस', म्हणजे चालणारी स्क्रिप्ट, एक छोटा प्रोग्रामच.

एक्स्टेन्शन दिसू लागलं तरी एक फसवणूक उरतेच, आणि तिची रचना खरोखर थक्क करणारी आहे. आपण वेलांटी कशी टंकतो ते आठवा. 'कि' लिहिताना ऱ्हस्व वेलांटी दिसते 'क'च्या आधी, पण साठवली जाते 'क'नंतर. म्हणजे साठवलेला क्रम आणि दिसणारा क्रम एकच असावा लागत नाही. उर्दू, अरबी तर उजवीकडून डावीकडे जातात, म्हणून युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, दिशा सांगणारी काही अदृश्य चिन्हं आहेत. त्यातलं यू+202ई सांगतं: इथून पुढची अक्षरं उलट्या क्रमाने दाखव.

आता रोमन अक्षरांत फाइलचं नाव असं ठेवू: 'बिल', मग ते अदृश्य चिन्ह, मग 'एफडीपी.ईएक्सई'. चिन्हानंतरचं सगळं पडद्यावर उलटतं. 'एफडीपी' उलटून होतं 'पीडीएफ', आणि 'ईएक्सई' उलटलं तरी 'ईएक्सई'च राहतं. दिसतं काय, तर 'बिलईएक्सई.पीडीएफ'. विंडोज मात्र साठवलेला क्रम वाचतं. त्याला शेवटी ईएक्सई सापडतं आणि ते प्रोग्राम चालू करतं.

म्हणून विंडोज 11 असेल तर फाइल एक्स्प्लोररमध्ये 'व्ह्यू', मग 'शो' इथे जाऊन 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'वर टिक करा. अनोळखी फाइल उघडण्याआधी 'डिटेल्स' व्ह्यूमधला 'टाइप' हा रकाना बघा. नाव कितीही उलटं केलं, तरी ईएक्सई असेल तर तिथे 'अ‍ॅप्लिकेशन' असंच लिहिलेलं असतं. इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलवर विंडोज अडवणारी निळी खिडकी दाखवतं, तेव्हा घाईने 'रन एनीवे' दाबू नका.

रोजच्या कामाला सगळे अधिकार असलेलं अ‍ॅडमिनिस्ट्रेटर नव्हे, तर मर्यादित अधिकारांचं स्टँडर्ड अकाउंट वापरा. चुकून चालू झालेल्या प्रोग्रामला मग सगळ्या सिस्टिममध्ये सहज पाय रोवता येत नाहीत. पण तो तुमच्याच नावाने चालतो, त्यामुळे तुमचे फोटो, कागदपत्रं, तुम्ही टाइप केलेली अक्षरं त्याच्या हाती लागू शकतात. फोटोंची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा आणि ती एरवी काढून ठेवा. अँटिव्हायरस आणि विंडोज अपडेट चालू हवेतच, पण अगदी नव्याने बनवलेला प्रोग्राम अँटिव्हायरसच्या नजरेतून सुटू शकतो.

'मार्टिनेली नावाचा व्हिडिओ उघडलात तर फोन कायमचा हॅक होईल, सगळ्यांना कळवा' हा निरोप 2017 पासून फिरतोय आणि तो खोटा आहे. असे निरोप पुढे ढकलून कुणाचाही कम्प्युटर सुरक्षित झालेला नाही. उलट, अशा शंभर भीतींच्या गर्दीत खरी सूचना नजरेआड होते.

शंकास्पद फाइल उघडलीच गेली, तर आधी इंटरनेट तोडा. बँक आणि ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला, त्याच कम्प्युटरवरून नको. खात्यातून पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनच्या क्रमांकावर तक्रार नोंदवा.